शनिवारचं पाणी

सर हात धुण्याआधी नळ धुवायचे. आधी तोटी, मग साबणाची वडी, मग हात, आणि शेवटी परत तोटी, कारण बंद करताना तिला पुन्हा हात लागणार. आमच्याकडे पाणी दिवसातून दोन तास यायचं आणि त्यातला पाव तास सरांच्या हातांवर जायचा. कामगार हसायचे. मीही हसायचे. सरांना ते कळायचं, पण त्यांचा वेग कधी वाढला नाही.

खरं तर त्यांनी कुठल्या शाळा-कॉलेजात एक दिवसही शिकवलं नव्हतं. भाईंदर पूर्वेला, नवघरच्या बाजूला, गाळ्यांच्या रांगेत वनस्पतींचे अर्क काढणारा एक छोटा कारखाना होता, तिथे ते मुख्य तपासनीस होते. खाली अडुळसा, हळद, मंजिष्ठा यांची पोती आणि भट्ट्या, वर पोटमाळ्यावर आमची लॅब. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी नुकतीच केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, गिरगावातली खोली सोडून मीरा रोडच्या नव्या ब्लॉकमध्ये आलेल्या घरातली मुलगी, त्यांची मदतनीस. माझ्या दुप्पट वयाचे असून ते मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणत आणि अहोजाहो करत. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची आणि थोडा रुबाबही.

लॅबमध्ये किमती वस्तू एकच होती, स्पेक्ट्रोफोटोमीटर. खालचे लोक त्याला लाइटचं मशीन म्हणत, आणि ते काही चूक नव्हतं. एका बाजूने प्रकाश सोडायचा, वाटेत छोट्या चौकोनी काचपात्रात अर्क ठेवायचा. अर्क प्रकाशातला आपल्या आवडीचा रंग खातो, उरलेला पलीकडे जाऊ देतो, आणि किती खाल्ला ते मशीनचं पेन कागदावर डोंगर काढून दाखवतं. हळदीचा डोंगर वेगळा, मंजिष्ठेचा वेगळा. सरांना हे डोंगर ओळखीच्या माणसांसारखे पाठ होते. लांबून कागद पाहून ते सांगत, "ही हळद सांगलीची दिसत नाही," आणि पोत्यावरची चिठ्ठी बघितली की ती खरंच सांगलीची नसायची.

पण डोंगर काढण्याआधी ते कोरं काढायचे. म्हणजे अर्क न घालता नुसत्या पाण्याची किंवा नुसत्या अल्कोहोलची रेघ. सगळेच काढतात, पण बाकीचे सकाळी एकदा काढून मोकळे होतात. सर प्रत्येक नमुन्याआधी काढायचे. "आधी कोरं, मग भरलेलं," हे त्यांचं पालुपद. घरी जेवायला बसले की भाजीला हात लावण्याआधी भाकरीचा कोरडा तुकडा खायचे, त्याशिवाय भाजीची चव कळत नाही म्हणे. मला स्थळं यायला लागली तेव्हा त्यांनी गंभीरपणे सल्ला दिला की मुलगा आईवडिलांबरोबर येईल तेव्हा बघू नका, त्याच्या आजूबाजूला कोणी नसेल तेव्हा बघा. हे जमवायचं कसं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

आमचे शेठ गुजराती, स्वभावाने बरे, पण सरांसमोर त्यांची पंचाईत व्हायची. एकदा त्यांनी कुठून तरी स्वस्तातली हळद आणली. सरांना तिच्या डोंगराचा उतार पटेना. त्यांनी तिच्यात आम्ल घातलं, मग पाणी ओतलं. नुसत्या हळदीला आलेला गुलाबी रंग पाण्याने जातो, हिचा गेला नाही. कपडे रंगवायचा पिवळा रंग होता तो. सरांनी कागदावर सही करायला नकार दिला. शेठ वर आले, खुर्चीवर बसले आणि लाडीगोडीने म्हणाले, "साब, थोडा तो एडजस्ट करो, सब करता है." सरांनी त्यांच्यासमोर तोच नमुना तीनदा चालवला, प्रत्येक वेळी आधी कोरं काढून. तिसऱ्या वेळेला शेठ स्वतःच उठून गेले आणि हळद परत पाठवली. त्यांनी सरांना काढून टाकलं नाही, कारण परदेशी गिऱ्हाईक मालावर सरांची सही आहे का तेवढंच बघायचं.

सर मूळचे मराठवाड्यातले, बौद्ध. एम.एस्सी.नंतर संशोधनाला लागले होते, ते काही कारणाने अर्धवट राहिलं आणि पोट भरायला इकडे आले. त्यांचं पहिल्यांदा नाव निघालं तेव्हा आईने मला त्यांचं आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. आई "बरं" म्हणाली आणि भांडी आवरायला लागली. मीही पुढे काही बोलले नाही. असं गप्प राहणं आमच्या घरात चांगलं वळण समजलं जायचं.

लॅबच्या कोपऱ्यात काचेचं एक यंत्र होतं. पाणी उकळून, वाफ थंड करून थेंबाथेंबाने शुद्ध पाणी गोळा करायचं. त्याची देखभाल माझ्याकडे होती. एकदा त्याची रबरी नळी बसवताना सरांनी आपण होऊन सांगितलं की त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीला त्यांच्या घरच्यांचा हात लागू देत नसत. आई घागर घेऊन बाजूला उभी राहायची, आणि कोणाला वेळ मिळाला की तो वरून पाणी ओतायचा. मग यंत्राच्या तोंडाशी जमलेला थेंब दाखवून म्हणाले, "यात काहीच नाही ताई. म्हणून हे सगळ्यांचं." एवढं बोलून ते नळी घट्ट करायला लागले. हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

त्यांचं खरं वेड मला वर्षभराने कळलं. बेव्हर्ली पार्कच्या पलीकडे, मिठागरांच्या कडेला एका इमारतीत ते तळमजल्यावर राहायचे. एकदा त्यांच्या पत्नीने, वहिनींनी, मला जेवायला बोलावलं, आणि पुढेही अधूनमधून बोलावत राहिल्या. घरात पंखा बंद, खिडक्यांना खाकी कागद, आणि बंद केलेल्या गॅलरीत ओळीने काचेच्या बरण्या. प्रत्येक बरणीत एकेक स्फटिक लटकत होता. सर घरी स्फटिक वाढवत. क्षाराचं पाणी हळूहळू उडून जातं आणि उरलेला क्षार मधल्या खड्यावर थर देत बसतो, महिनोन्‌महिने. मधला खडा टांगायला ते वहिनींचा केस वापरायचे, दोरा फुगतो म्हणून. वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "माझे केस पांढरे झाले तेव्हा जगात एकच माणूस खूष झाला. म्हणाले, आता रंग उतरायची भीती नाही."

सरांचा विचार असा होता. पोटॅशियम सल्फेटचा स्फटिक रंगहीन असतो. तो वाढताना पाण्यात मंजिष्ठेचा अर्क अगदी थोडा घातला, तर त्यातला रंग स्फटिकाच्या थरांत जाऊन बसतो का? बसला तर कसा, हे प्रकाश सांगेल. अर्क पातेल्यात बिघडतो, स्फटिकात कदाचित वर्षानुवर्षं टिकेल. परदेशात असं काही झालं असेलही, पण मंजिष्ठेसारख्या आपल्या मुळ्यांवर कोणी केलेलं नव्हतं, निदान सरांच्या वाचनात नव्हतं. यावर एक निबंध छापून यावा आणि त्यावर आपलं नाव असावं, एवढंच त्यांना हवं होतं. अर्धवट राहिलेलं काही तरी पुरं व्हावं. ते हे तोंडाने म्हणत नसत, वहिनींनी सांगितलं.

दोन स्फटिक तयार झाले होते. बोटाच्या पेराएवढे, उजेडात धरले तर जेमतेम पिवळसर वाटणारे. कारखान्याच्या सुट्टीनंतर शेठच्या परवानगीने सर ते मशीनमध्ये लावायचे, शेजारी रंग न घातलेला कोरा स्फटिक. कागदावर चारशे तीस नॅनोमीटरपाशी, निळ्या-जांभळ्या प्रकाशाच्या जागी, एक छोटासा उंचवटा यायचा, डोंगर म्हणायलाही लाज वाटावी असा. सर त्याच्याकडे भिंग घेऊन बघत बसत. मला मनातून वाटायचं, एवढ्यासाठी वर्ष घालवायचं?

या स्फटिकांना लागणारं शुद्ध पाणी लॅबमधून जायचं. दर शनिवारी दोन लिटर, मी भरून ठेवायचे. पहिलं वर्षभर सर माझी प्रत्येक बाटली मशीनमध्ये तपासत. मला राग यायचा. मग एका शनिवारी त्यांनी बाटली उचलली, तिच्याकडे पाहिलं आणि न तपासताच पिशवीत ठेवली. "तुम्ही भरलंय ना? मग झालं." दुसऱ्या कोणावर त्यांनी असा भरवसा टाकल्याचं मी पाहिलं नाही. त्या दिवशी मी उडत घरी गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी तो शनिवार आला. सकाळी नळाला पाणी आलं नाही, टँकरही आला नव्हता. नळ कोरडा, म्हणून वाफ थंड करायला पाणी नाही, म्हणून यंत्र बंद. बाटल्यांत थेंब नव्हता. आणि मला पाच वाजता घरी पोचायचं होतं, कारण मुलाकडचे बघायला येणार होते. आवारात कारखान्याची बोअर होती. तिचा पंप एक मामा बघायचे, तिथल्याच जुन्या गावातले. मी बादली घेऊन गेले तर ते म्हणाले, "प्यायला नेऊ नको गो, लोखंड हाय त्यात. भांडी लाल होतात." मी म्हटलं, प्यायला नाही. ते पाणी दोनदा उकळलं, दोनदा फिल्टर पेपरमधून गाळलं. काचेसारखं दिसत होतं. बाटल्या भरल्या, बुचं लावली आणि निघाले.

लॅबच्या कामाला मी ते पाणी कधीच वापरलं नसतं. हे मी बचाव म्हणून सांगत नाही, उलट हाच माझा गुन्हा आहे. घरी खडे वाढवायला एवढं कशाला लागतं, असं मला वाटलं होतं. मुलाकडच्यांना मी पसंत पडले.

तिसरा स्फटिक त्या पाण्यात वाढला. अडीच-तीन महिन्यांनी एका सोमवारी सर कापसात गुंडाळून डबी घेऊन आले. उघडली तर आत जांभळा खडा. फिकट नव्हे, चांगला पिकल्या जांभळासारखा. मशीनच्या पेनाने पाचशे साठच्या जवळ, हिरव्या-पिवळ्या प्रकाशाच्या जागी, असा उंच डोंगर काढला की कागदाची वरची कड जेमतेम पुरली. सर नळ न धुताच हात धुऊन आले. तीनदा चालवलं, तिन्ही वेळा तसाच. मग स्टुलावर बसले आणि हसले, पोट धरून, आवाज करून. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. खालून कामगार वर बघायला आले.

निबंध त्यांनी आठ दिवसांत लिहिला. आलेख शाईने गिरवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. स्टेन्सिल धरून ती जांभळी टेकडी गिरवता गिरवता माझा हात थांबला. मंजिष्ठा आणि लोखंड एकत्र आले की रंग जांभळा होतो, हे कापड रंगवणारे कधीपासून जाणतात, आणि मी ते परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले होते. मला सगळं एका क्षणात कळलं. पुढच्या टेबलावर सर गुणगुणत होते. मी आलेख पुरा केला. सुंदर आला होता.

सांगते, उद्या सांगते, असं करत मी पंधरा दिवस काढले. ते किती खुशीत होते ते मी बघत होते, ही एक सबब. लग्न ठरलं होतं, नोकरी सुटणारच होती, ही दुसरी. खरं कारण साधं होतं. त्यांनी माझी बाटली न तपासता उचलली होती, आणि तो मान मला सोडवत नव्हता.

निबंध ज्यांना पाठवला होता ते मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेतले ज्येष्ठ प्राध्यापक. त्यांनी खडे घेऊन बोलावलं, तिसऱ्या खड्याचा एक कण ठेवून घेतला आणि दोन आठवड्यांनी परत या म्हणाले. दोन्ही वेळा आलेखांची गुंडाळी सांभाळायला मी बरोबर होते. दुसऱ्या वेळी त्यांनी एक कागद पुढे केला. खड्यात लोखंड निघालं होतं, भरपूर. जांभळा रंग त्याचाच. सर म्हणाले, पाणी शुद्ध होतं, क्षार शुद्ध होता. प्राध्यापक वाईट माणूस नव्हते, आवाजही चढवला नाही. चष्मा पुसत म्हणाले, "घरी हे असं होतंच हो. या कामाला हात फार स्वच्छ लागतात."

सरांनी आपले दोन्ही हात टेबलावरून खाली घेतले.

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. माझ्या एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, शब्द न्‌ शब्द. मी आलेखांची गुंडाळी नीट करत राहिले. सरांना काय ऐकवलं जातंय आणि ते त्यांना कुठे लागतंय, हे त्या खोलीत त्यांच्याखेरीज फक्त मला माहीत होतं. वरून ओतलेलं पाणी मला माहीत होतं. तरी मी बसून राहिले. एवढ्या आयुष्यात मी काही फार मोठी पापं केली नाहीत, पण केली त्यांत हे सर्वांत मोठं.

पुढच्या सोमवारी सर कामावर आले. नळ धुतला, हात धुतले, कोरं काढलं. हळदीचा नमुना चालवला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "ताई, एकदा तुम्ही चालवून बघा. माझ्या हाताचं आता काही सांगता येत नाही." मी चालवला. तोच डोंगर आला. त्यांनी सहीच्या जागेशेजारी पेन्सिलीने आणखी एक रेघ मारली आणि मला तिथे सही करायला लावली. लग्न होऊन मी नाशिकला जाईपर्यंत प्रत्येक कागदावर त्यांनी माझी सही घेतली. शेठसमोर तीनदा मशीन चालवणारा माणूस बी.एस्सी. झालेल्या मुलीची सही मागत होता, आणि मी करत होते.

नाशिकला संसार झाला, मुलगी झाली. तिला शाळेत घातल्यावर एकदा माहेरी आले असताना मी सहा वर्षांनी सरांकडे गेले. मिठागरांच्या अलीकडे इमारतींच्या रांगा उठल्या होत्या, घर शोधायला वेळ लागला. वहिनींनी दार उघडलं. खिडक्या उघड्या होत्या, पंखा फिरत होता, गॅलरीत कपडे वाळत होते. सर नोकरी सोडून घरी होते, डोळ्यांत मोतीबिंदू. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. मुलीचं नाव विचारलं, नाशिकला पाणी कसं असतं ते विचारलं. वहिनी चहा टाकायला आत गेल्या.

मग मी सांगितलं. टँकर, बोअर, फिल्टर पेपर, मुलाकडचे, आलेख गिरवताना थांबलेला हात, प्राध्यापकांची खोली, सगळं. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, ते काही जमलं नाही.

मला वाटलं, आता सर मला जा म्हणतील. त्यांनी विचारलं, "कोणता शनिवार?"

मला तारीख आठवत नव्हती, पण माझा बघण्याचा कार्यक्रम झाला तो, होळीच्या आधीचा, एवढं सांगितलं. त्यांनी कपाटातून वही काढली आणि मला वाचायला लावली. कोणता स्फटिक कोणत्या दिवशी पाण्यात सोडला, कोणत्या दिवशी काढला, त्यांच्या बारीक अक्षरात सगळं होतं. तिसरा त्या शनिवारनंतरचा. पहिला आदल्या वर्षीचा. दुसरा त्या शनिवारच्या दोन महिने आधीच पाण्याबाहेर काढलेला.

"म्हणजे पहिल्या दोघांत लोखंड नव्हतं," सर म्हणाले.

"नव्हतं."

"चारशे तीसला छोटा उंचवटा होता, आठवतो तुम्हाला?"

मला आठवत होता. मंजिष्ठेचा स्वतःचा. लहान होता, पण खरा होता. सरांनी ज्याच्यासाठी वर्षं घातली, ते होऊन गेलेलं होतं. तिसऱ्याच्या जांभळ्या डोंगरापुढे त्याच्याकडे कोणी बघितलंच नाही, आणि तो डोंगर खोटा ठरला तेव्हा त्यांनी आपल्याच हातांना दोष देऊन तीनही खडे खराब धरले. मी त्या खोलीत बोलले असते, तर एक खडा गेला असता आणि दोन राहिले असते.

मी म्हटलं, "सर, ते दोन कुठे आहेत? मी नेते. नाशिकला कॉलेजात ओळख आहे, तपासून घेऊ."

वहिनी ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. त्या सरांना म्हणाल्या, "मी म्हटलं होतं तुम्हाला. दोन राहू द्या, दिसायला छान आहेत."

"म्हटलं होतंस," सर म्हणाले. "मीच म्हणालो, घाण आहे, गरम पाणी घाल आणि मोरीत ओत."

"मी ओतले."

"हो. तू ओतलेस."

पुन्हा वाढवू या, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि पाहिलं, सर माझ्याकडे बघत होते, पण नजर माझ्या खांद्याच्या जरा बाजूला जात होती. पिवळसर आणि पांढरं त्यांना आता सारखंच दिसत असणार. मी वही मिटून ठेवली. वहिनींनी ट्रे टेबलावर ठेवला नाही, तसाच हातात धरून त्या आत गेल्या. मी पर्स उचलली, येते म्हणाले. त्या घरातून मी इतक्या वर्षांत काही न घेता कधी बाहेर पडले नव्हते. त्या दिवशी पडले, आणि चहा घेऊन जा असं मला कोणी म्हटलं नाही.